दोन बोटं कमी केलेला पट्टा

५ जून

प्रिय बारक्या,

तू पोचलास हे तुमच्या हवामान केंद्राच्या कारकुनाने फोन करून कळवलं. तुझ्या तोंडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं. पण असो, बेटावर पाय ठेवला की आधी यंत्रं तपासायची आणि मग माणसं, ही तुझी जुनीच खोड आहे.

अण्णा ठीक आहेत. म्हणजे मानेला पट्टा बांधलेला माणूस जितपत ठीक असू शकतो तितपत. खिडकीशी खुर्ची लावून दिली आहे. रस्त्यावरून बस गेली की त्यांना बघायची असते आणि मान वळत नाही, म्हणून आख्खे खुर्चीसकट वळायला बघतात. काल म्हणाले, "छत्तीस वर्षं बस चालवली, कधी आरसा लागला नाही. आता घरात बसायला दोन आरसे लागणार." मी शिलाईच्या खोलीतला आरसा आणून समोर टेकवून ठेवला. तेव्हापासून स्वारी खूश आहे.

समोरच्या बाई चौकशीला आल्या होत्या. त्यांना वाटलं, मान लचकली आहे. मग त्यांना सगळं समजावलं. स्टुलावर चढून घड्याळाला किल्ली द्यायला गेले, घसरले, माझ्या कापायच्या टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलं. दोन दिवस मी तेल चोळत बसले. मग फोटो काढला तर मानेचा दुसरा मणका मोडलेला. डॉक्टरबाईंनी आपल्याला कागदावर काढून दाखवलं होतं ना, त्या मणक्यावर एक खुंटी असते, तिच्यावर डोकं फिरतं, ती बुडापासून तुटली आहे, ते चित्रच मी त्यांना काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, मग ऑपरेशन का नाही केलं? मी म्हटलं, आमच्या घरात त्यावरून आठवडाभर महाभारत झालंय, तुम्ही नव्याने सुरू करू नका.

खरं सांगते, निघताना तू दारात जे केलंस ते मला आवडलं होतं. ऑपरेशनसाठी तू इतका भांडलास, आणि अण्णा नाही म्हणजे नाहीच म्हणाल्यावर त्यांचा हात आपल्या हातात घेऊन म्हणालास, "मग शब्द द्या. बारा आठवडे पट्टा काढायचा नाही, सैल करायचा नाही, त्याच्याशी खेळायचं नाही." आणि त्यांनी दिला. अण्णांनी कोणाला शब्द दिल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. एरवी "बघू" याच्यापुढे ते जात नाहीत.

डॉक्टरबाई म्हणाल्या तेही लक्षात आहे. या वयात हाड जुळेलच असं नाही, पण नुसत्या तंतूंनी जरी घट्ट धरलं तरी पुष्कळ, फक्त हलू द्यायचं नाही. पंधरा दिवसांनी काढलेल्या फोटोत खुंटी जागच्या जागी आहे हे तूही पाहिलंसच. तेव्हा काळजी करू नकोस. मी आहे.

रविवारी अकराला फोन कर. दहापासूनच ते फोनजवळ जाऊन बसतात.

तुझी,
ताई

१४ जून

प्रिय बारक्या,

रविवारी फोनवर तू म्हणालास की अण्णांचा आवाज दाबल्यासारखा येतो. येणारच. पट्ट्याची पुढची बाजू हनुवटीला खालून असा टेकू देते की तोंड धड उघडत नाही. भात मऊ करून द्यावा लागतो, तोही चमच्याच्या टोकावर. हनुवटीखाली घासून घासून रुपयाएवढी जखम झाली होती. दवाखान्यात फोन केला तर पट्टे बसवणारा माणूस फक्त बुधवारी येतो, आणि या बुधवारी तो रजेवर. पुढच्या बुधवारी या म्हणे. म्हाताऱ्या माणसाची कातडी काय बुधवार बघून सोलते?

अण्णा कुरकुर करत नाहीत, हेच तर वाईट आहे. कुरकुरले असते तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. ते नुसते डोळे मिटून गिळतात. परवा जेवताना डोळ्यांतून पाणी आलं आणि म्हणाले, "कांदा तिखट आहे." ताटात कांदा नव्हता.

बरं, आता ती अडचण मिटली आहे. जखम सुकायला लागली. कालपासून पोटभर जेवतात आणि आवाजही मोकळा झालाय, रविवारी तुलाच कळेल. जरा मऊ फडकं वगैरे लावून घेतलं आतून. माझा हात त्यात बसलेला आहे, तुला माहीत आहेच. आयुष्य गेलं लोकांच्या कॉलरी बसवण्यात.

दुकानात काम भरपूर आहे. एका गृहस्थांनी लग्नातला कोट आणलाय, तीस वर्षांपूर्वीचा, आणि म्हणतात पोटावर जरा सोडा. जरा म्हणजे किती ते त्यांच्या पोटाला विचारायला हवं.

पत्राचं उत्तर दे. नुसता पावसाचा आकडा लिहून पाठवू नकोस.

ताई

८ जुलै

प्रिय बारक्या,

आज फोटो काढायचा दिवस होता. वाईट बातमी आहे, बसून वाच.

खुंटी सरकली आहे. मागच्या बाजूला, सहा मिलिमीटर. डॉक्टरबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. मला त्यातलं काही कळत नाही, पण पहिल्यात जे सरळ होतं ते दुसऱ्यात कलंडलेलं होतं, एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं. मागे मज्जारज्जू आहे. अजून तिथे दाब नाही. नवा पट्टा दिला आहे आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बघायचं म्हणाल्या. हातापायाला मुंग्या आल्या, वस्तू हातातून पडायला लागल्या तर ताबडतोब या.

हे असं का झालं हे तू विचारणारच. डॉक्टरबाईंनी जुना पट्टा काढून हातात घेतला, उलटासुलटा केला. हनुवटीच्या टेकूची कड दोन बोटं कापलेली होती. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं? अण्णा म्हणाले, "मी कापलं. जेवता येत नव्हतं."

मग डॉक्टरबाई त्यांना बोलल्या. फार नाही, पण बोलल्या. म्हणाल्या, आजोबा, या टेकूवरच सगळा खेळ होता. अण्णांनी ऐकून घेतलं.

तुला फोनवर सांगायला हवं होतं, पण फोनजवळ ते बसलेले असतात. म्हणून लिहिते आहे. त्यांच्यावर फार चिडू नकोस. म्हातारं माणूस आहे, दुखत होतं.

ताई

२२ जुलै

बारक्या,

तुझं अण्णांना लिहिलेलं पत्र गुरुवारी आलं.

तू ते त्यांच्या नावाने पाठवलंस. पण नव्या पट्ट्यात त्यांना खाली बघता येत नाही, आणि कागद डोळ्यांसमोर धरला तर हात दुखतो. म्हणून त्यांना आलेलं सगळं मीच वाचून दाखवते, पेपरसुद्धा. पाकिटावर तुझं अक्षर बघून म्हणाले, "वाच, वाच. मोठ्याने वाच."

मी पहिली ओळ वाचली आणि थांबले. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "त्याने लिहिलंय ना? मग पूर्ण वाच." आणि मी पूर्ण वाचलं. "हातात हात देऊन दिलेला शब्द तुम्ही कात्रीने कापलात." "तुम्हाला आयुष्यात कोणाचं ऐकायचं नव्हतं, मानेचंही नाही." "मी तीन आठवड्यांची रजा तुमच्या हट्टावर घालवली." "यापुढे मला फोनवर बोलावू नका, ताईला खुशाली विचारीन." एकेक शब्द मी माझ्या तोंडाने त्यांना ऐकवला. आवाज काढून, विरामचिन्हांसकट.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "अक्षर सुधारलंय त्याचं."

काल रविवार होता. दहाला जाऊन बसले फोनजवळ. मी म्हटलं, अण्णा, तो करणार नाही. म्हणाले, मी कुठे फोनसाठी बसलोय, इथे वारा येतो. साडेबारापर्यंत बसले. तिथे वारा येत नाही, बारक्या. तिथे भिंत आहे.

तू एवढं कठोर लिहायला नको होतं. मी लिहिलं होतं ना, चिडू नकोस म्हणून? येत्या रविवारी फोन कर. पाच मिनिटं बोल, हवापाण्याचं बोल, तुझा धंदाच तो आहे. एवढं माझ्यासाठी कर.

ताई

३ ऑगस्ट

बारक्या,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला बसले आहे. आधीचे तीन कागद फाडले, कारण प्रत्येकात अर्ध्या पानापर्यंत मी दुकानाचंच काहीतरी लिहीत राहिले. आता सरळ लिहिते.

पट्टा मी कापला.

अण्णांनी नाही. त्यांनी कात्रीला हातही लावला नाही. १२ जूनला, बुधवारी, दुपारी जेवणानंतर त्यांना पलंगावर आडवं केलं, उशा दोन्ही बाजूंना लावल्या, पट्ट्याचा पुढचा भाग सोडवला आणि टेबलावर नेला. जाड कापडाची मोठी कात्री असते ना माझी, तिने कड दोन बोटं उतरवली. मग धारेला मऊ फ्लॅनेल लावून बारीक टाक्यांनी दुमडून घेतली. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात काय होतं सांगू? मला मजा येत होती. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला असं काम मिळालं होतं जे मला येतं. गोळ्यांची नावं मला कळत नाहीत, फोटो कळत नाहीत, पण टोचणारी कड कशी उतरवायची हे मला झोपेतही कळतं. अंगाला लागतंय ते काप, बसतंय का बघ, ही माझी आख्खी अक्कल आहे. मला वाटलं, यात डॉक्टरला काय विचारायचं? त्यांनी शिवलाय थोडाच.

अण्णा म्हणाले होते, "अगं, त्याला शब्द दिलाय मी." मी म्हटलं, "तुम्ही खेळणार नाही म्हणून दिलाय. मी कुठे खेळतेय, मी तर काम करतेय." हे मी हसत म्हटलं. आणि ते गप्प बसले, कारण दुखत होतं आणि कारण मी म्हणत होते.

पट्टा परत बांधला. मी विचारलं, आता टोचतंय? तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. आणि मग, बरं वाटतंय? तर डोलावून हो. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. ज्या माणसाची मान हलायला नको होती तो माझ्यासमोर मान हलवत होता, आणि मी टाळी वाजवली. त्यानंतर पंचवीस-सव्वीस दिवस ते मान डोलावत होते. तेव्हाच खुंटी सरकत होती. तेव्हाच मी तुला लिहिलं की अडचण मिटली.

आता दवाखान्यातलं. ८ जुलैचं माझं पत्र तुझ्याकडे असेल तर काढून बघ. मी कुठेही लिहिलेलं नाही की अण्णांनी कापला. मी लिहिलंय की अण्णा "मी कापलं" असं म्हणाले. ते वाक्य मी तीनदा खोडून तसं जमवलं होतं. खोटं न लिहिता खोटं कसं सांगायचं हे मला त्या दिवशी आलं, आणि त्याचीही मला थोडी ऐट वाटली होती. आता सगळं लिहितेच आहे तर हेही लिहिते.

डॉक्टरबाईंनी पट्टा उलटा केला तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? एका सरळ रेषेत घातलेले अडीचशे टाके. समोर ब्याऐंशी वर्षांचा माणूस, ज्याला शर्टाचं बटण लावता येत नाही. शेजारी मी, गळ्यात टेप विसरून राहिलेली. अण्णा "मी कापलं" म्हणाले तेव्हा बाई माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "टाके छान आहेत." आणि मग अण्णांना बोलल्या. त्या खोलीत त्या खोट्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. विश्वास ठेवला तो तू, कारण तू तिथे नव्हतास आणि मी तुला तसं कळवलं.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, कशाला केलंत असं? आधी म्हणाले, बाई ओरडल्या असत्या तुला. मी म्हटलं, ओरडू देत की. मग म्हणाले, "हे बघ, तो चिडणार हे नक्की. माझ्यावर चिडला तर किती दिवस चिडेल? मी असेन तितके दिवस. तुझ्यावर चिडला तर? माझ्यामागे तुम्ही दोघंच आहात. मी गेल्यावर त्याला घर म्हणून कुठे यायचं?" वर म्हणाले, "त्याला सांगायचं नाही. शब्द दे." मी दिला. म्हणजे या घरात शब्द देण्याची साथच आली आहे, आणि तो मोडणारी प्रत्येक वेळी मीच.

तुझं पत्र मी वाचून दाखवत होते तेव्हा मी कधीही थांबू शकले असते. "हट्ट" या शब्दाशी थांबू शकले असते. नाही थांबले. मला वाटलं, त्यांनी घेतलंच आहे आपल्यावर, आता एवढ्यासाठी कशाला. मी ते पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं आणि त्यांना चहा दिला, बस्स.

आता हे आज का लिहिते आहे. गुरुवारी सकाळी त्यांच्या हातातून पेला पडला. मी म्हटलं, निसटला असेल. दुपारी चमचा पडला. त्यांनी आरशातून उजव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. लगेच नेलं. खुंटी आणखी सरकली आहे आणि मागे दाब आला आहे. आता ऑपरेशन टाळता येणार नाही. जे तू मे महिन्यात सांगत होतास तेच आता करायचं, फरक एवढाच की तेव्हा हात चालत होता. मानेच्या मागून दोन मणके स्क्रूने जोडणार. रक्त पातळ करणारी गोळी बंद करून, हृदय तपासून, बुधवारी १४ ऑगस्टला करायचं ठरलंय. त्या वयात भूल उतरेलच, ट्यूब निघेलच, असं छातीठोकपणे कोणी सांगत नाही. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "बहुतेक उतरते." त्यातला बहुतेक माझ्या कानातून जात नाही.

बाई आणखी एक म्हणाल्या. मी त्यांना शेवटी सांगितलं, कापलं ते मी. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. मग म्हणाल्या, या वयात पट्टा अगदी बरोबर असूनही काही जणांची खुंटी सरकते, तुमच्यामुळेच झालं असं कोणी सांगू शकत नाही. हे तुला सांगायलाच हवं म्हणून सांगते. पण कृपा करून हे वाक्य मला परत लिहून पाठवू नकोस. कोणी सांगू शकत नाही म्हणजे नाही असंही कोणी सांगू शकत नाही.

हे पत्र मंगळवारच्या बोटीने तुला मिळेल. रविवारी ११ तारीख आहे. अकराला फोन कर. अण्णांशी बोल. त्यांना जे म्हणालास ते मागे घे. ते ऑपरेशनच्या टेबलावर जातील ते तुझ्याशी बोलून जाऊ देत, एवढंच मला हवंय. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव. मला काय म्हणायचंय ते म्हण. पण आधी त्यांना.

ताई

१७ ऑगस्ट

बारक्या,

अण्णा आहेत. ट्यूब काल संध्याकाळी काढली. घसा सुजलाय, तीन-चार दिवस आवाज येणार नाही. गिळायला शिकवायला एक मुलगी येते, तिच्यावर ते डोळे वटारतात, म्हणजे तब्येत बरी आहे. डोकं आता वळणार नाही, ते खांद्यांसकटच वळायचं. उजव्या हाताची मूठ मिटत नाही. थोडी येईल, पुरती येणार नाही, असं बाई म्हणाल्या. हे मी तुला वर लिहिलं कारण तू आधी हेच शोधशील. आता बाकीचं.

तू रविवारी फोन केलास. त्याबद्दल तुझे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. घंटा वाजली तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने रिसीव्हर उचलला आणि मला खूण केली, आत जा. मी स्वयंपाकघरात गेले, पण आपलं घर केवढं आहे तुला माहीत आहे. मला ऐकू येत होतं.

तू तिकडून काय म्हणालास ते मला ठाऊक नाही. त्यांचं एवढं ऐकलं. "अरे, काहीतरी लिहिते ती. तिचं ऐकू नकोस." मग, "नाही रे. कात्री मीच चालवली. कड मागाहून तिने दुमडून दिली एवढंच. माझं पाप ती आपल्या अंगावर घेतेय, कारण तू माझ्यावर रुसलास हे तिला बघवत नाही." मग, "चुकलं माझं, बाळा. शब्द मोडला मी. माफ कर." आणि तू काहीतरी म्हणालास, आणि ते रडले. मला वाटतं तू माफ केलंस.

मग त्यांनी मला हाक मारून रिसीव्हर दिला. तू म्हणालास, "ताई, पुरे आता. अण्णांनी सगळं सांगितलं मला. तू लहानपणापासून अशीच आहेस, काच मी फोडायची आणि मार तू खायचा." समोर अण्णा खुर्चीत बसले होते. आरशातून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी म्हटलं, "बरं."

बरं. एवढंच बोलले मी. इतकी पानं लिहून झाल्यावर.

वर काल सकाळी तुझं पत्र आलं. तू लिहिलंस की मी देवमाणूस आहे. की अण्णांसाठी खोटं बोलताना अडीचशे टाक्यांपर्यंतचा तपशील रचायचा म्हणजे मोठं काळीज लागतं. की माझं ते पत्र तू जपून ठेवणार आहेस. की तुला रजा मिळाली आणि २७ तारखेच्या बोटीने येतोयस. मी ते पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून पाच वेळा वाचलं. काय सांगू, मला ते गोड लागलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी कोणी लिहिलेलं नाही. मनात आलं, राहू दे की. अण्णांनाही हेच हवंय, त्यालाही हेच बरं वाटतंय, तिघांत मी एकटी कशाला आडवी येते. काल दिवसभर मी तसंच ठरवून टाकलं होतं.

आज सकाळी त्यांना भरवत होते. घोट गिळताना ठसका लागला, उजवा हात उचलायला गेले, उचलला नाही. मग डाव्या हाताने तो उचलून मांडीवर ठेवला, तान्ह्या मुलाला ठेवावं तसा, आणि माझ्याकडे बघून हसले. काही नाही, चालायचंच, असं ते हसणं होतं. तो हात माझ्या कात्रीने गेला असेल किंवा नसेल. पण तू येशील, त्या हाताशेजारी बसशील, आणि पुन्हा त्यांना मोठ्या मनाने सांगशील की झालं गेलं विसरलो अण्णा, आणि ते मान खाली घालूनही ऐकू शकणार नाहीत, कारण ती आता खाली जात नाही. ते मला बघवणार नाही.

म्हणून पुन्हा लिहिते. ३ तारखेचं पत्र खरं आहे. त्यात एक शब्द रचलेला नाही. फोनवर खोटं बोलले ते अण्णा. काच तू फोडायचास आणि मार मी खायची, हेही खरं आहे, पण ती गोष्ट वेगळी. विश्वास बसत नसेल तर डॉक्टरबाईंना विचार. मी त्यांना सांगून ठेवलंय की माझा भाऊ येईल आणि पट्ट्याबद्दल विचारील, त्याला आडपडदा न ठेवता सांगा. त्या हो म्हणाल्या.

तू त्यांना माफ केलंस. माफ करण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही, बारक्या. माफी तू मागायची आहेस, त्या पत्राची. आणि त्याहून मोठी मी मागायची आहे, ती मी रोज मागते आणि ते ऐकूनच घेत नाहीत. बोलता येत नाही म्हणून डोळे मिटून घेतात. तुझं कदाचित ऐकतील.

उद्या घरी फोन करू नकोस, कोणी नसेल. २७ ला मी धक्क्यावर येईन. बोटीतून उतरून तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, मी पिशवी उचलून मागून चालेन. दवाखान्यात पहिल्या मजल्यावर डावीकडची तिसरी खोली, खिडकीजवळचा पलंग. आत तू एकटाच जा. त्यांना मान वळवता येत नाही, तेव्हा दारातून हाक मारू नकोस, पलंगाला वळसा घालून समोर जाऊन उभा राहा. मी बाहेर बाकावर बसेन. तू बाहेर आलास की मला काय सांगायचं ते सांग, आणि घरी ये म्हणालास तर येईन.

ताई